वजनाची अट गेली, तोलाची कशी जाईल?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे एक मध्यम आकाराचे गाव आहे. १९७० पासून दर उन्हाळ्यात तेथे हौशी वैमानिकांची जत्रा भरते. जत्रा हाच शब्द योग्य, कारण माणसे तंबू ठोकून, बायकामुलांसह, स्वतः बांधलेल्या विमानाच्या पंखाखाली मुक्काम करतात. २२ जुलै २०२५ रोजी याच जत्रेत अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांनी एक नवा नियम जाहीर केला. लांबलचक नाव असलेल्या या नियमाला सगळे 'मोझॅक' म्हणतात. २००४ पासून तेथे 'स्पोर्ट' परवाना असलेल्या वैमानिकाला सुमारे ६०० किलोपेक्षा जड विमान चालवता येत नसे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना थोडी सवलत होती, एवढेच. नव्या नियमाने ही किलोंची अट काढून टाकली आणि तिच्या जागी वेगाची अट आणली. विमान ज्या किमान वेगाला हवेत तरंगू शकते, तो वेग ५९ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटरच्या आत असला म्हणजे झाले. वैमानिकांपुरता हा बदल २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. विमानांच्या प्रमाणनासंबंधीच्या भागासाठी जुलै २०२६ ही तारीख ठरली.

बातमी आपल्याकडच्या वृत्तपत्रांत आली की नाही, मला आठवत नाही. आली असली तरी शेअर बाजाराच्या पानावर कोपऱ्यात आली असेल. पण घरोघरी आता कोणी ना कोणी अमेरिकेत आहे, आणि त्यातल्या काहींच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी अर्धवट विमान उभे आहे. माझा एक भाचा त्यांपैकीच. व्यवसायाने संगणकवाला, पण शनिवार-रविवार हातात रिव्हेट गन. नियम जाहीर झाला त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, वजनाची लिमिट गेली! आता मोठं इंजिन बसवतो." दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा वेगळा फोन आला. ती म्हणाली, "मामा, तुम्ही जरा बोलाल का त्यांच्याशी? मुलांना घेऊन बसणार आहेत ते त्यात." बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला नातेवाईक अशी कामे सांगतात. विमानाचे मला काय कळते, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण कागद मागवले, पुस्तके चाळली आणि लक्षात आले की हे सगळे प्रकरण मुळात खतावणीचेच आहे.

जगातले पहिले यशस्वी विमान हे घरगुतीच होते, हे आपण विसरतो. राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते आणि त्यांचे इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या कारागिराने बनवले. जेमतेम बारा अश्वशक्तीचे, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे. विमानाच्या मध्यरेषेच्या उजवीकडे इंजिन आणि डावीकडे पालथा पडलेला वैमानिक, अशी मांडणी होती. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणजे विमान उजवीकडे कलणार. यावर त्या दोघांनी काय केले? उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे चार इंच लांब ठेवला. १७ डिसेंबर १९०३ च्या त्या बारा सेकंदांच्या उड्डाणाच्या छायाचित्रात हे चार इंच डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते तिथे आहेत. इंजिनाच्या वजनाचा आणि तोलाचा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मांडणी बदलली, वजन मागे गेले, विमान अधिकच चंचल झाले आणि शेवटी नाकाजवळ सुमारे तीस किलो लोखंड बांधून त्यांना ते आवरावे लागले. ज्यांनी विमान शोधले त्यांनाही ही शिकवणी चुकली नाही.

आता तोल म्हणजे नेमके काय, ते जरा सावकाश पाहू. कोणत्याही विमानाला एक गुरुत्वमध्य असतो. विमानाला त्या बिंदूत दोरी बांधून टांगले, तर ते आडवे राहील. हा बिंदू पंखांच्या उचलीच्या संदर्भात एका ठराविक पट्ट्यातच असावा लागतो. लहान विमानात हा पट्टा वीतभरसुद्धा नसतो. गुरुत्वमध्य फार पुढे गेला, तर विमान नाकाड्या माणसासारखे नाक खाली घालून चालते. उतरताना नाक वर उचलावे लागते, तेव्हा शेपटीवरच्या सुकाणूची ताकद पुरत नाही. फार मागे गेला तर त्याहून वाईट. विमान स्थिर राहात नाही, थोडे वर गेले की आणखी वर जाऊ पाहते, वेग मरतो आणि ते भिरकी घेऊन खाली येऊ लागले तर बाहेर काढता येत नाही. जाणकार सांगतात, नाकजड विमान नीट उडत नाही आणि शेपूटजड विमान एकदाच उडते.

हिशेब साधा आहे. नाकाच्या टोकापासून प्रत्येक वस्तू किती अंतरावर आहे ते मोजायचे, वजनाने गुणायचे, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचे. शाळेत तरफेच्या धड्यात आपण हेच केले होते. समजा, एक दोन आसनी विमान आहे. रिकामे वजन ३५० किलो, त्याचा गुरुत्वमध्य २०० सेंटिमीटरवर. दोन माणसे मिळून १५० किलो, २३० सेंटिमीटरवर. पेट्रोल ६० किलो, २४० वर. सामान १५ किलो, २९० वर. एकूण वजन ५७५ किलो आणि गुरुत्वमध्य २१४ सेंटिमीटरच्या थोडा पुढे. आखणाऱ्याने २०३ ते २१८ असा पट्टा दिलेला आहे असे धरू. सगळे ठीक. एकटा वैमानिक ७५ किलोचा, सामान नाही, तरी आकडा २०९.६ येतो. तेही ठीक.

आता यातले ६० किलोचे इंजिन काढा आणि त्याच जागी, म्हणजे नाकापासून ६० सेंटिमीटरवर, १०० किलोचे बसवा. वाढले फक्त चाळीस किलो. दोन माणसे आणि सामान घेऊन गुरुत्वमध्य २०४.३ वर येतो, म्हणजे कसाबसा पट्ट्यात. पण एकटा वैमानिक बसला की आकडा १९८.२ होतो. पट्ट्याच्या जवळजवळ पाच सेंटिमीटर बाहेर. म्हणजे गंमत अशी की बायको सोबत असेल तर विमान उडेल आणि नवरा एकटा गेला तर धोका. (ही बाब मी भाचेसुनेला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ हसत होती.) आणि हे इंजिन बसवल्यावर भरलेल्या विमानाचे वजन किती झाले? ६१५ किलो. जुन्या नियमात ते पंधरा किलोंनी बसत नव्हते. नव्या नियमात हा अडथळा राहिला नाही. माझ्या भाच्याला आनंद झाला होता तो नेमका याच पंधरा किलोंचा.

नाक जड झाल्यावर बांधणारे एक ठरलेला उपाय करतात. बॅटरी नाकातून काढून शेपटीत नेतात. वरच्या उदाहरणात बारा किलोची बॅटरी साडेतीन मीटर मागे नेली की एकट्या वैमानिकाचा आकडा पुन्हा २०६ वर येतो आणि दोघांचा २११ वर. कागद जुळला. भाच्याचाही हाच बेत होता.

बँकेत नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या वर्षात एक गोष्ट शिकवली जाते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे समजू नये. एका खात्यात शंभर रुपये जास्त आणि दुसऱ्यात शंभर कमी पडले असतील, तर तेरीज अगदी गुळगुळीत जुळते. दोन चुका एकमेकींना झाकतात. शेपटीतली बॅटरी ही अशीच झाकणारी नोंद आहे. गुरुत्वमध्य जागेवर येतो, पण पुढचे वाढलेले चाळीस किलो कुठेही गेलेले नसतात. खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. दोन्ही घागरी सारख्या, तोल अगदी मध्यावर. पण त्याला झटकन वळायला सांगा. वळणे जड जाते, आणि एकदा वळू लागला की थांबणे त्याहून जड. टोकांना वजन टांगलेले विमान असेच भिरकीत शिरायला सुस्त आणि बाहेर यायला त्याहून सुस्त होते. गुरुत्वमध्याच्या आकड्यात हे दिसत नाही. शिवाय इंजिन ज्या चौकटीला बांधलेले असते ती चौकट, पुढचे चाक, पंखातला मुख्य तुळईसारखा भाग, यांचे गणित साठ किलोच्या इंजिनासाठी केलेले होते. धक्का बसला की वाढलेले चाळीस किलो चाळीस राहात नाहीत. खड्ड्यात आपटताना ते दुप्पट तिप्पट होऊन चौकटीवर येतात.

बरे, इंजिनाचे वजन तरी कोणते धरायचे? इथे जाहिरातीतला व्याजदर आणि प्रत्यक्षातला व्याजदर यांच्याइतका फरक असतो. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे इंजिन आज जगातल्या हलक्या विमानांत सर्वाधिक दिसते. त्याचे वजन साठ किलोच्या आसपास आणि ताकद, प्रकारानुसार, ८० ते १०० अश्वशक्ती. अमेरिकेतल्या जुन्या पठडीतल्या काँटिनेंटल ओ-२०० ची ताकद शंभर, वजन कोरडे धरले तरी पंचाहत्तर किलोंच्या पुढे. लायकमिंग ओ-३२० हे १५० ते १६० अश्वशक्तीचे, आणि ते ११० किलोंच्या पुढे. पण छापलेल्या आकड्यात तेल असतेच असे नाही, धूर बाहेर नेणारी नळी असतेच असे नाही, रेडिएटर आणि त्यातले पाणी तर बहुधा नसतेच. मोटारीचे इंजिन विमानाला लावणाऱ्यांची इथेच फसगत होते. असे लोक तेथे पुष्कळ आहेत. फोक्सवॅगन, शेवरोलेची कॉर्व्हेअर, सुबारू यांची इंजिने त्यांनी उडवली आहेत, आणि काहींनी चांगली उडवली आहेत, हेही सांगायला हवे. नवे विमान-इंजिन म्हणजे एका उत्तम मोटारीची किंमत, तेव्हा मोह समजण्यासारखा आहे. पण मोटारीचे इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांना आपली ताकद देते, आणि पंखा अडीच हजारांच्या आसपासच नीट काम करतो. म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी घालावी लागते. ती बसते अगदी पुढे, नाकाच्या टोकाजवळ. तरफेचे गणित आठवा. टोकाला टांगलेला एक किलो, जवळच्या चार किलोंना भारी पडतो.

उलटाही प्रकार आहे. इंजिन हलके झाले तर ते आणखी पुढे न्यावे लागते. स्वित्झर्लंडचे पिलाटस पोर्टर हे डोंगरात उतरणारे विमान १९५९ साली साध्या पिस्टन इंजिनावर उडाले. दोन वर्षांनी त्याला हलके टर्बाइन बसवले आणि विमानाचे नाक सारसासारखे लांब झाले. सौंदर्यासाठी नव्हे, तोलासाठी. विजेवरच्या विमानांची गोष्ट तर आणखी मजेची. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या व्हेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला २०२० साली युरोपचे प्रमाणपत्र मिळाले. विद्युत विमानाला मिळालेले ते पहिलेच. त्याच्या बॅटऱ्या दोन, एक नाकात आणि दुसरी आसनांच्या मागे. मोटर हलकी असल्यामुळे बॅटरीच तोल सांभाळायला वापरली. परंतु पेट्रोल जळून कमी होते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. उड्डाणाच्या शेवटी पेट्रोलचे विमान हलके होऊन उतरते, बॅटरीचे विमान चढले तेवढेच जड उतरते. पेट्रोलच्या कमी होण्यातही एक खोच आहे. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल, तर पेट्रोल जळत जाईल तसतसे विमान शेपूटजड होत जाते. निघताना पट्ट्यात असलेले विमान उतरताना पट्ट्याबाहेर असू शकते. म्हणून निघतानाचा एक हिशेब पुरत नाही, दोन लागतात.

हे केवळ गॅरेजमधल्या हौशी लोकांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. जुन्या चौकटीला नवे मोठे इंजिन बसवण्याचा मोह बोइंगसारख्या कंपनीलाही आवरला नाही. ७३७ मॅक्सची इंजिने मोठी होती. बुटक्या पायांच्या त्या विमानाखाली ती मावावीत म्हणून पुढे आणि वर सरकवली. प्रश्न तिथे गुरुत्वमध्याचा नव्हता. नाक बरेच वर गेले असता इंजिनांच्या आवरणावर हवा अशी लागे की नाक आणखी वर जाऊ पाही. ते दाबून धरायला एक संगणकीय व्यवस्था बसवली, तीही एकाच मापकाच्या भरवशावर. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसे गेली. आमच्या भाषेत सांगायचे तर ती सॉफ्टवेअरची नोंदही झाकणारीच होती.

आता पुन्हा मोझॅककडे. नियमाचा मजकूर मी भाच्याकडून मागवून वाचला. किमान वेगाची अट तिथे नुसती लिहिलेली नाही. तो वेग विमानाच्या कमाल वजनाला आणि गुरुत्वमध्याच्या सर्वांत अवघड स्थितीत मोजायचा आहे. हे शब्द महत्त्वाचे आहेत. वजन वाढले की किमान वेग वाढतोच, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आणि गुरुत्वमध्य पुढे गेला की तो आणखी वाढतो, कारण नाक वर धरण्यासाठी शेपूट खाली दाबावी लागते आणि तो दाबही पंखांनाच उचलावा लागतो. म्हणजे किलोंची अट पुढच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने परत आली आहे. फरक इतकाच की पूर्वी ती वजनकाट्यावर कोणालाही दिसत होती. आता ती गणितात दडली आहे, आणि ते गणित पुष्कळदा स्वतः मालकच करतो.

कारण घरी बांधलेल्या विमानाचा 'उत्पादक' कायद्याने बांधणारा स्वतः असतो. निम्म्याहून अधिक काम त्याने शिकण्यासाठी वा हौशीसाठी केलेले असले पाहिजे, ही मूळ अट. विमानाचे कमाल वजन किती, हा आकडाही शेवटी तोच लिहितो. आखणी करणाऱ्याने एक आकडा दिलेला असतो आणि शहाणी माणसे तोच पाळतात. पण पन्नास किलो वाढवून लिहिले, तर कागद ते सहन करतो. अर्जदारानेच आपल्या कर्जाचा अर्ज तपासावा आणि त्यानेच मंजुरीची सही करावी, असा हा प्रकार. अमेरिकी व्यवस्थेने यावर एक शहाणा उतारा ठेवला आहे. नव्या विमानाला पहिले पंचवीस किंवा चाळीस तास वस्तीपासून दूर, ठराविक क्षेत्रात, प्रवासी न घेता उडावे लागते. वाळूच्या पिशव्या कमीजास्त करून कडेचे गुरुत्वमध्यही तिथे तपासायचे असतात. माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि घाईच्या माणसाला सर्वांत कंटाळवाणा वाटणारा भागही हाच.

आकडे काय सांगतात? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरगुती विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ साली ही विमाने तेथील खासगी आणि लहान विमानांच्या ताफ्यात सुमारे दहा टक्के होती. अपघातांत त्यांचा वाटा पंधरा टक्के आणि प्राणघातक अपघातांत एकवीस टक्के. इंजिनाचा बिघाड आणि ताबा सुटणे, ही दोन मोठी कारणे. त्यातली एक बाब मला फार बोलकी वाटली. त्या वर्षी तपासलेल्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्याने बांधलेली नव्हती, जुनी विकत घेतलेली होती. बांधणाऱ्याला आपल्या विमानाच्या खोडी ठाऊक असतात. त्या कागदावर उतरल्या नाहीत, तर खरेदीदाराला कळायच्या कशा?

गायक जॉन डेन्व्हरचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्यालगत तो स्वतःच्या लाँग-ईझी विमानातून समुद्रात पडला. बर्ट रुटानने आखलेले हे विमान उलट्या मांडणीचे असते. इंजिन मागे आणि छोटे पंख पुढे. रिकामे उभे करताना ते नाकावर गुडघे टेकून बसवावे लागते, नाहीतर मागे कलंडते, इतका तिथे तोल नाजूक. पण डेन्व्हरचा घात तोलाने नव्हे, तर एका चावीने केला. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर जाण्याची चावी मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती त्याच्या डाव्या खांद्यामागे नेली. बांधणारा स्वतः ती हाताळायला सरावला असेल. डेन्व्हरने विमान नुकतेच विकत घेतले होते. मागे वळून चावी फिरवताना विमान हातचे गेले, असा तपासाचा निष्कर्ष होता. आराखड्यातून केलेला एक लहानसा बदल, नव्या मालकाच्या वाट्याला आलेला.

भाच्याला मी यातले पुष्कळसे सांगितले. विमानातले मला कळत नाही हे त्याने प्रथम ऐकवले, आणि ते बरोबरच होते. मग मी त्याला एकच प्रश्न विचारला. "तुझ्या विमानाचे रिकामे वजन तू मोजले आहेस की बेरीज करून काढले आहेस?" तो म्हणाला, बेरीज केली आहे. पुढच्या शनिवारी त्याने ओळखीच्यांकडून तीन काटे आणले, तिन्ही चाकांखाली ठेवले, विमान पाणसळीत आणले आणि मोजले. बेरजेपेक्षा विमान एकोणीस किलो जड निघाले. रंगाचे दोन हात, गाद्या, रेडिओ, तारा, इकडे अर्धा किलो, तिकडे पाव किलो. मोठे इंजिन त्याने रद्द केलेले नाही. पण ते बसवण्याआधी विमानाच्या मूळ आखणीकारांना पत्र लिहून आकडे पाठवले आहेत आणि उत्तराची वाट पाहतो आहे. भाचेसून म्हणते, घरातले वातावरण निवळले आहे.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचे नाव काढतोच. १८९५ साली चौपाटीवर विमान उडाले होते म्हणे. 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथातील आकृत्या १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी शास्त्रीय कसोटीवर तपासल्या आणि ती विमाने उडणे शक्य नाही असे स्वच्छ लिहिले. यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन त्यांचा गुरुत्वमध्य काढून पाहावा. मला त्यापेक्षा कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचा अभिमान अधिक वाटतो. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात ते विमान लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये नोंदणी, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी आणि २०२० मध्ये धुळ्याला चाचणी उड्डाण. बांधण्याइतकीच वर्षे कागदात गेली. मधल्या काळात, २०१८ मध्ये, पालघर जिल्ह्यात कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला, त्याच्या आकड्यांची चर्चाही खूप झाली. एका माणसाच्या जिद्दीवर वाट निघाली, पण तिच्या मागून येणाऱ्या दहा जणांसाठी ती अजून मळलेली नाही.

इंजिनाच्या बाबतीत आपण परावलंबी आहोत हेही मान्य करावे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बांधलेल्या 'हंसा'च्या नव्या आवृत्तीचे पहिले उड्डाण सप्टेंबर २०२१ मध्ये झाले, तिच्या नाकात रोटॅक्सच आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या मुलांसाठी २०१५ मध्ये १९४ पिपिस्ट्रेल विमानांचा करार झाला, त्यांतही रोटॅक्सच. मोटारीच्या पेट्रोलवर चालते ही त्या इंजिनाची मोठी सोय. मात्र त्यात इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालते, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल आहे. अमेरिकेतही विमानांचे शिसेयुक्त पेट्रोल २०३० अखेरपर्यंत हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत इंधनामुळे का होईना, जुन्या चौकटींना नवी इंजिने लावण्याचे प्रमाण वाढणार, तेथेही आणि येथेही.

तेव्हा आपल्याकडे हौशी बांधणाऱ्यांसाठी नियम सोपे करावेत, या मताचा मी आहे. परवानगीच्या फायली वर्षानुवर्षे टेबलावर पडल्याने कोणाचाही जीव वाचत नाही. त्याऐवजी नेमकी एक गोष्ट सक्तीची करावी. विमान पहिल्यांदा उडण्यापूर्वी, इंजिन बदलल्यावर आणि मालक बदलल्यावर, बांधणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या माणसाने ते काट्यावर घालून वजनपत्रकावर सही करावी, आणि ते पत्रक विमानातच लावलेले असावे. धुळे, बारामती, जळगाव येथे धावपट्ट्या आहेत. प्रत्येक ठिकाणी तीन काटे आणि एक पाणसळ ठेवायला कोणत्याही सामंजस्य कराराची गरज नाही.